पाढा होतो का?

अंधेरी स्टेशनाबाहेर पडून पुढे जायचे तर प्रवासाचे पैसे तीन निरनिराळ्या रीतींनी ठरतात. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरपत्रकानुसार मुंबईत रिक्षाचे किमान भाडे दीड किलोमीटरपर्यंत २६ रुपये, आणि त्यापुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. वर्सोवा ते घाटकोपर या ११.४ किलोमीटरच्या मेट्रोमार्गावर सर्वांत जवळच्या टप्प्याला १० रुपये, पूर्ण मार्गाला ४० रुपये आणि मधले दर दहा-दहाच्या पायऱ्यांनी चढणारे. लोकलचा मासिक पास काढला, तर महिन्यात वीस फेऱ्या करा की साठ, पासाची किंमत तीच. राज्य मंडळाच्या पुस्तकांत सहावीला गुणोत्तर-प्रमाण येते, सातवीला समप्रमाण व व्यस्तप्रमाण, आठवीला सम व व्यस्त चलन. हे सगळे शिकलेल्या मुलाला या तीन व्यवहारांपैकी त्रैराशिक (तीन संख्यांवरून चौथी काढण्याची रीत) कोठे चालते, कोठे उलटे चालते आणि कोठे मुळीच चालत नाही, हे सांगता येते का? नियम येणे आणि नियमाची हद्द कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीवर वर्षे खर्च होतात आणि दुसरी मुलांना आपोआप कळेल असे धरून चालले जाते. ती आपोआप कळत नाही, आणि ती कळल्याशिवाय पहिलीचाही भरवसा धरता येत नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे.

या म्हणण्याला विरोध करणारेही विचारी लोक आहेत, आणि त्यांच्या आक्षेपांत वजन आहे. म्हणून दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवले आहे. घाटकोपरला खासगी क्लास घेणारे एक सर आणि मुलुंडच्या मराठी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या एक बाई, अशी ही दोन कल्पित पात्रे. माणसे कल्पित असली तरी त्यांची मते शिक्षकखोलीत आणि पालकसभेत कुणालाही ऐकायला मिळतील अशी आहेत.

सर : बाई, 'समजून शिकवा' हे ऐकायला बरं वाटतं. पण माझ्याकडे मूल येतं ते परीक्षा तोंडावर आल्यावर. त्याला मी एवढंच सांगतो, की दिलेलं एका ओळीत लिही, विचारलेलं त्याखाली लिही, तिरकस गुण आणि उरलेल्या संख्येनं भाग. ७ वह्यांना २१० रुपये, तर १२ वह्यांना किती? ३६०. यात न समजण्यासारखं काय आहे? आणि हा नियम काही क्लासवाल्यांनी काढलेला नाही. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये त्रैराशिक दिलं, भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत त्याच्यासोबत पंचराशिक, सप्तराशिकही सांगितलं. पंतोजींच्या शाळेत पोरं पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकायची. साडेतिनाचा पाढा तोंडपाठ असलेला माणूस बाजारात कागद-पेन्सिल शोधत नसे. ती पिढी पाठांतरावरच उभी राहिली. आधी हात बसू द्या, समज मागून येते. आणि कच्च्या मुलाचाही विचार करा. ज्याच्या घरी अभ्यास घ्यायला कुणी नाही, त्याला नियम हाच आधार असतो. 'तूच शोधून काढ' म्हणून त्याला सोडलं, तर शोध लागतो तो ज्यांचे आईवडील शिकलेले आहेत त्यांनाच.

बाई : सर, तुमचं शेवटचं वाक्य मी मनावर घेते, त्यावर नंतर बोलू. आधी वह्यांचं गणित बघा. त्यात शंका घ्यायला जागाच नाही, म्हणून नियम चालून जातो. जरा अनोळखी गणित द्या आणि मग काय होतं ते बघा. अमेरिकेत रॉबर्ट कार्प्लस यांनी १९७० च्या सुमारास मुलांपुढे दोन माणसांची चित्रं ठेवली, एक बुटका आणि एक उंच. मोठ्या बटणांनी मोजलं तर बुटका ४ बटणांएवढा भरतो, उंच ६ बटणांएवढा. कागदाच्या क्लिपांनी मोजलं तर बुटका ६ क्लिपांएवढा. मग उंच किती क्लिपांएवढा? उत्तर ९. पण पुष्कळ मुलांनी ८ सांगितलं. कारण काय, तर बटणं दोन जास्त लागली म्हणून क्लिपाही दोनच जास्त लागणार. लंडनमध्ये कॅथलीन हार्ट यांच्या गटानं ११ ते १६ वर्षांच्या मुलांचा जो अभ्यास केला आणि १९८१ मध्ये पुस्तकरूपानं मांडला, त्यात ही बेरजेची चूक थोराड मुलांतही सापडली. यांना प्रमाणाचा धडा शिकवलाच नव्हता असं नाही. पण गणितावर 'प्रमाण' अशी पाटी लावलेली नव्हती, म्हणून त्यांना प्रमाण दिसलं नाही.

सर : मग हे माझ्याच बाजूचं झालं की! ज्यांनी ८ सांगितलं त्यांना नियम वापरायची सवय नव्हती. ४ ला ६, तर ६ ला किती, असं मांडून तिरकस गुणलं असतं तर ९ आलंच असतं. तुम्ही म्हणता समज कमी पडली, मी म्हणतो सराव कमी पडला.

बाई : सराव भरपूर झालेल्यांचंही उदाहरण आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, प्राथमिक शिक्षक व्हायला निघालेल्या ३३ विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की दोन मुली मैदानाभोवती अगदी सारख्या वेगानं धावताहेत. पहिली आधी निघाली. पहिलीच्या ९ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या ३ झाल्या होत्या. दुसरीच्या १५ होतील तेव्हा पहिलीच्या किती? ३३ पैकी ३२ जणांनी तुमचाच नियम चोख मांडला आणि ४५ उत्तर काढलं. वेग सारखा आहे, म्हणजे पहिली सहाच फेऱ्या पुढे राहणार, म्हणजे उत्तर २१. आकडेमोडीत कुणाचीही चूक नव्हती. चूक आकडेमोड सुरू करायच्या आधी झाली होती. लहान मुलं जिथं गुणायचं तिथं बेरीज करतात आणि सरावानं तयार झालेले मोठे जिथं बेरीज करायची तिथं गुणतात. सरावानं पहिली चूक कमी होईल, पण त्याच सरावानं दुसरी चूक पक्की होते, त्याचं काय?

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण वादाचा गाभा येथेच आहे. बाईंनी सांगितलेल्या दोन चुका एकमेकींच्या उलट दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. दोन राशी बरोबरीने बदलत असताना त्यांच्यात काय बदलत नाही, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारला गेला नाही. मुलगी ५ वर्षांची असताना आई ३० वर्षांची असेल, तर मुलगी १० वर्षांची होईल तेव्हा आई ६० वर्षांची होत नाही, ३५ वर्षांची होते. तेथे फरक कायम राहतो. वह्या आणि रुपये यांत भागाकार कायम राहतो, दर वहीला ३० रुपये. मासिक पासात गुणाकार कायम राहतो. समजा पास ३०० रुपयांचा आहे. २० फेऱ्या केल्या तर एक फेरी १५ रुपयांना पडली, ६० केल्या तर ५ रुपयांना. फेऱ्या आणि दर फेरीचा खर्च यांचा गुणाकार प्रत्येक वेळी ३०० च, आणि यालाच पुस्तक व्यस्तप्रमाण म्हणते. मेट्रोच्या भाड्यात यांपैकी काहीच कायम राहत नाही. पूर्ण मार्गाच्या ४० रुपयांना ११.४ ने भागले तर किलोमीटरला सुमारे साडेतीन रुपये येतात, पण एका किलोमीटरचे तिकीट साडेतीन रुपयांना मिळत नाही. म्हणजे 'एक वाढले की दुसरे वाढते' ही समप्रमाणाची खूण म्हणून मुलांना सांगितली जाते ती अपुरी आहे. आईचे वय वाढते, मेट्रोचे भाडेही वाढते, पण प्रमाण दोन्हींत नाही.

मग खूण कोणती सांगावी? मराठी मुलाला ती त्याच्याच भाषेत सांगता येते. पाढा म्हणजे काय, हे त्याला दुसरीपासून ठाऊक असते. एका राशीची किंमत दुसऱ्या राशीच्या किमतीचा पाढा होत असेल तर ते समप्रमाण, पाढा होत नसेल तर नाही. वह्यांचे रुपये हा वह्यांच्या संख्येवर चाललेला तिसाचा पाढा आहे. आईचे वय मुलीच्या वयाचा कोणताच पाढा नाही. मेट्रोचे भाडे अंतराचा पाढा नाही. रिक्षाचे भाडे मात्र मौजेचे आहे. १७.१४ ची दीडपट २५.७१ होते, आणि ती पूर्ण रुपयात आणली की २६. म्हणजे दीड किलोमीटरपुढे मुंबईची रिक्षा १७.१४ चा पाढाच म्हणत जाते. ३ किलोमीटरला ५१.४२, ६ किलोमीटरला १०२.८४, अंतर दुप्पट तर भाडेही दुप्पट, रुपयात पूर्ण करताना होणारा किरकोळ फरक सोडला तर. पण दीड किलोमीटरच्या आत पाढा बंद असतो. अर्धा किलोमीटर गेलात तरी २६ रुपयेच, त्रैराशिकाने येणारे ८ रुपये ६७ पैसे नव्हेत. एकाच मीटरवर एका जागी नियम लागू आणि दुसऱ्या जागी निष्फळ, असे उदाहरण पुस्तकाबाहेर शोधायला लांब जावे लागत नाही.

सर : उदाहरण छान आहे. पण सातवीच्या पेपरात मेट्रो येत नाही आणि आईचं वयही प्रमाणाच्या धड्यात येत नाही. धड्यातली सगळी गणितं त्या धड्याचीच असतात. तुम्ही दाखवता ते फसवे प्रश्न आहेत. हुशार मोठ्या माणसालाही चकवतील असे प्रश्न काढून 'बघा, समज नाही' म्हणणं हा काही न्याय नाही.

बाई : धड्यातली सगळी गणितं त्याच धड्याची असतात, हीच तर माझी तक्रार आहे. मुलाला वाचायचीसुद्धा गरज पडत नाही. धड्याचं नाव बघितलं की नियम ठरला, संख्या उचलल्या की उत्तर आलं. आणि फसवे कशाला म्हणता? बेल्जियममध्ये १२-१३ वर्षांच्या मुलांना एक साधं शेतीचं गणित घातलं होतं. २०० मीटर बाजूच्या चौरस शेताला खत घालायला ८ तास लागतात, तर ६०० मीटर बाजूच्या चौरस शेताला किती? बहुतेक मुलांनी २४ सांगितलं. बाजू तिप्पट झाली की शेत नऊपट होतं, म्हणून उत्तर ७२ तास. हा चकवा नाही, शेतकऱ्याच्या तीन दिवसांच्या मजुरीचा नऊ दिवसांशी हिशेब आहे. आपल्याकडचं मजुरांचं गणित घ्या. ८ मजूर एक काम १५ दिवसांत करतात, तर १२ मजूर १० दिवसांत. ठीक. मग १२० मजूर एका दिवसात आणि २४० मजूर अर्ध्या दिवसात? बोरिवली-मुलुंडला गल्लोगल्ली पुनर्विकासाची कामं चालली आहेत, मुलं रोज बघतात. स्लॅब भरायला माणसं वाढवली तर काम लवकर आटपेल, पण भरलेल्या स्लॅबवर पाणी मारून तो पक्का व्हायचे दिवस मजूर वाढवून कमी होत नाहीत. 'सर्व मजूर सारख्याच वेगानं काम करतात आणि एकमेकांच्या आड येत नाहीत असं मानू' ही अट गणितात लपलेली असते. ती अट मुलानं बोलून दाखवली, की व्यस्तप्रमाण त्याला कळलं असं मी म्हणेन.

सर : बरं, मग बाजारातली मुलं घेऊ. भाजीच्या गाडीवर बापाला मदत करणारा पोरगा 'वीस रुपये पाव' म्हणतो, तीन पावाचे साठ घेतो, आणि किलो घेतला तर सत्तरच घेतो. म्हणजे किलोवर पाढा मोडायचा हेसुद्धा त्याला कळतं. तुमची सगळी समज त्याच्याकडे आहे. पण वर्गात फळ्यावर तेच गणित मांडलं की तो गप्प. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला, त्यात हेच दिसलं. गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या सोप्या गणितांवर अडखळली. तेव्हा रस्त्यावरची समज रस्त्यावरच राहते. कागदावरचं गणित कागदावरच, नियमानंच शिकवावं लागतं.

बाई : त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भागही सांगा ना. शाळेत शिकणारी, पण बाजारात काम न करणारी मुलं कागदावर बरी होती आणि प्रत्यक्ष खरेदी-विक्रीच्या हिशेबात लंगडी पडली. म्हणजे समज कागदावर येत नाही हे जितकं खरं, तितकंच नियम कागदावरून उतरत नाही हेही खरं. पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे, आणि तो बांधणं हे शाळेचं काम आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांत त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणं म्हणून विचारले तेव्हा ७४ टक्के, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा ३७ टक्के. यातला एक मुलगा दहा नारळांचे पैसे कसे काढतो बघा. एकाला ३५, तर तिनांचे १०५, आणखी तीन धरून २१०, आणखी तीन धरून ३१५, आणि एक राहिला, ३५०. शाळेच्या नियमानं ३५ वर शून्य दिलं की झालं. पण या मुलानं प्रत्येक पायरीला नारळ आणि पैसे जोडीनं पुढे नेले, दोघांची साथ कुठंच सुटू दिली नाही. प्रमाण म्हणतात ते हेच. इथं मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनीही मुंबईच्या कष्टकरी वस्तीतल्या, घरच्या उद्योगात हात लावणाऱ्या मुलांच्या गणिताचा अभ्यास केला आहे. मोजमाप, अर्धं-पाव करणं, भाव काढणं ही त्यांची शिदोरी वर्गात उघडलीच जात नाही.

सर : जोडीनं पुढे न्यायची पद्धत दहा नारळांना ठीक. १७ रुपये १४ पैशांनी ७.३ किलोमीटर काढायला सांगा, तुमचा नारळवाला कुठं जाईल? शेवटी गुणाकारच करावा लागतो. आणि वेळेचं काय? वर्गात पन्नास-साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी. प्रत्येक गणितावर 'हे प्रमाण आहे का' अशी चर्चा करायची, तर धडा दिवाळीपर्यंत संपणार नाही. आणि मी सुरुवातीला विचारलं ते राहिलंच, कच्च्या मुलाचं काय?

सरांचे हे तीन आक्षेप बाजूला सारण्यासारखे नाहीत. पहिला खराच आहे. जोडीने पुढे नेणे ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. सोयीच्या संख्यांना ती पुरते, अपूर्णांकांपुढे थकते, आणि ज्या मुलाचा हात तेथेच बसला ते आठवीच्या चलनात आणि पुढे समरूप त्रिकोणांत, शास्त्राच्या तासाला घनतेत, मागे पडते. म्हणून नियम हवाच, आणि पाढेही हवेत. फक्त नियमाने त्या सुरुवातीला पुसून टाकू नये, तिच्यातूनच वर यावे. ते कसे, हे आपल्या जुन्या पाढ्यांतच दिसते. बाटलीतले घट्ट कोकम सरबत २ वाट्यांना ५ वाट्या पाणी लागते असे धरा. ४ वाट्यांना किती? बेरजेच्या चुकीने ७ येते आणि सरबत तोंडात घेववणार नाही इतके घट्ट होते. जिभेला ते चटकन कळते. मग तक्ता भरायचा. १ वाटीला अडीच, २ ला पाच, ३ ला साडेसात, ४ ला दहा. ही अडीचकीच झाली. पंतोजींची मुले जे घोकत होती तो मुळात प्रमाणाचा तक्ता होता. सर त्याला पाठांतर म्हणतात ते बरोबर आहे, पण त्या पाठांतरात एक गोष्ट आपोआप जपली जात होती. अडीचकी कोणत्या भावाला लागते आणि औटकी कोणत्या, हे दुकानावर ठरवावेच लागे. आपण पावकी-निमकी सोडून दिली, आणि तिच्या जागी आलेल्या तिरकस गुणाकारात ती निवडच उरली नाही. तिरकस गुणताना वह्यांना रुपयांनी गुणले जाते आणि त्या गुणाकाराला काहीच अर्थ नसतो. १२ वह्या गुणिले २१० रुपये म्हणजे २५२० काय? वह्या की रुपये? याचे उत्तर नाही, आणि म्हणून मुलाला मधल्या पायरीवर आपली चूक पकडता येत नाही. एकमान पद्धतीत ती पकडता येते. २१० ला ७ ने भागले की ३० रुपये, एका वहीची किंमत, दुकानात जाऊन ताडून पाहता येईल अशी. एकमान पद्धत सहावीच्या पुस्तकात आहेच. तिला तिरकस गुणाकाराकडे नेणारी तात्पुरती शिडी न मानता मुक्कामाची जागा मानली, तर सरांची घाई आणि बाईंची समज यांत भांडण राहत नाही. १७.१४ ने ७.३ किलोमीटरचे भाडे काढणे हेही एकमानच आहे, एका किलोमीटरचा दर मीटरनेच दिलेला आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. तो चर्चेच्या कल्पनेवर आहे, 'हे प्रमाण आहे का' या प्रश्नावर नाही. दर गणितावर वाद घालायची गरज नाही. दहा गणितांच्या उदाहरणसंग्रहात तीन गणिते प्रमाणाची नसलेली घाला आणि मुलांना आधी फक्त खूण करायला सांगा, पाढा होतो की होत नाही, की गुणाकार कायम राहतो. आकडेमोड नाही, खूण तेवढी. साठ मुलांच्या वर्गातही हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि तपासायला शिक्षकाची वही लागत नाही, हात वर करून होते. उलट वेळ कोठे जातो हे पाहिले, तर तो त्याच साच्याची वीस गणिते सोडवण्यात जातो, ज्यांतल्या पहिल्या तीननंतर मुलाने विचार करणे थांबवलेले असते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, कारण तो न्यायाचा आहे. नियम हा कच्च्या मुलाचा आधार असतो, हे सरांचे म्हणणे अनुभवाचे दिसते. पण आधार कोणाला पुरतो ते पाहावे. नियमाची हद्द घरी कळणाऱ्या मुलाला शाळेने ती शिकवली नाही तरी चालते. ज्याच्या घरी हे बोलणे होत नाही, त्याला नियमच काय तो मिळतो आणि तो नियम चुकीच्या जागी लावला जात असताना त्याला सावध करणारे कोणी नसते. रेसिफेच्या मुलांचे आकडे आणखी एक गोष्ट सुचवतात. ज्यांना आपण कच्चे म्हणतो, त्यांच्यापाशी बाजाराची जाण बहुधा इतरांपेक्षा जास्त असते. हद्दीचा प्रश्न वर्गात आला, तर तोच एक तास असा असेल की भाजीच्या गाडीवर बसणारे मूल पहिल्या बाकावरच्या मुलाला काही सांगू शकेल. 'किलोवर पाढा का मोडतो' याचे उत्तर त्याच्याकडे आहे.

राहिला परंपरेचा आधार, जो सरांनी सुरुवातीलाच घेतला होता. भास्कराचार्यांचे नाव महाराष्ट्रात चाळीसगावजवळच्या पाटणशी जोडलेले आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला, आणि तसे सांगणारा तेराव्या शतकारंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्या भास्कराचार्यांचे त्रैराशिक नुसते 'गुणा आणि भागा' असे नाही. तीन राशींना तीन नावे आहेत, प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या असाव्यात, त्या दोन टोकांना मांडाव्यात आणि भिन्न जातीचे फल मध्ये, अशी अट आधी येते, गुणाकार-भागाकार नंतर. इच्छा वाढली की फल घटत असेल तर ते व्यस्त त्रैराशिक, त्याची रीत उलटी, हेही वेगळे सांगितले आहे. आणि गणितात जागोजागी त्रैराशिकच भरलेले आहे असे म्हणणाऱ्या या आचार्यांनी त्यातून वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ वगळले आहेत. बेल्जियमच्या मुलांनी खताच्या गणितात जी चूक केली, तिच्यावरची ताकीद साडेआठशे वर्षांहून जुन्या परंपरेतच होती. तेव्हा परंपरा पाठांतराच्या बाजूने आणि समज नव्या शिक्षणशास्त्राच्या बाजूने, ही वाटणी खरी नाही. आपण परंपरेतला गुणाकार ठेवला आणि तिची अट गाळली.

यात नुकसान फक्त गुणांचे होत नाही. उपनगरात घरोघरी पुनर्विकासाचे करार वाचले जात आहेत. ४०० चौरस फुटांच्या घराला ३५ टक्के वाढीव क्षेत्र म्हणजे ५४० चौरस फूट, हे नियमाने निघते. पण ३५ टक्के कशाच्या, चटई क्षेत्राच्या की आणखी कशाच्या, हा प्रश्न नियम विचारत नाही, माणसाला विचारावा लागतो. ३५ टक्क्यांनी वाढलेले ५४० पुन्हा ३५ टक्क्यांनी घटले तर ४०० वर न येता ३५१ वर का येते, हेही पायाभूत राशी बदलली हे ध्यानात असलेल्यालाच कळते. सातवीत ज्याने 'काय कायम आहे' असे विचारायची सवय लावून घेतली, त्याला हे पुढे कोणी शिकवावे लागत नाही.

बाईंचे पारडे या वादात जड आहे, आणि सरांचे पाढे व सराव त्यात ठेवले तर ते आणखी जड होते, हा या लेखाचा निवाडा. तो अमलात आणायला नवे पुस्तक, नवे प्रशिक्षण किंवा जास्तीचा तास लागत नाही. लागतो तो प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न, कारण जे पेपरात येते तेच वर्गात आणि क्लासात शिकवले जाते, हे सरांच्या बोलण्यातून दिसलेच आहे. म्हणून घटक चाचणीचा पेपर काढणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी प्रमाणावरच्या प्रश्नांत दोन गुणांचा एक प्रश्न असा घाला, ज्यात चार व्यवहार दिलेले असतील आणि आकडेमोड मुळीच नसेल : 'यांपैकी कोणत्या व्यवहारात पाढा होतो ते ओळखा आणि कारण एका वाक्यात लिहा.' रिक्षा, मेट्रो आणि पास दाराशीच आहेत. चौथा व्यवहार मुलांनाच आणू द्या.